गाडी रात्री कुठे उभी असते?

दिवाळी सरली की निफाड तालुक्यातल्या पहाटेला धार येते. गोदाकाठच्या शेतांवर धुके उतरते आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडते. पारा पाच अंशांखाली घसरण्याची चिन्हे दिसू लागली की बागांमधून जागोजागी शेकोट्या पेटतात. घडांवर उबेचे पांघरूण राहावे, मणी तडकू नयेत, एवढ्यासाठी माणसे रात्र जागवतात. अशाच एका हिवाळ्यात, तालुक्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी, पहाटे साडेचारच्या सुमारास एक आवाज रोज ऐकू येऊ लागला. घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र, आणि मग शांतता. पुन्हा घर्रर्र, पुन्हा शांतता. गल्लीतली माणसे कूस बदलत म्हणत, ‘भाऊंची गाडी आजही रुसली वाटतं.’

भाऊंना पेठेत सगळे भाऊच म्हणतात. हळद, मिरची, धने, जिरे आणि कडधान्ये घेऊन आसपासच्या गावांचे आठवडे बाजार करायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. बाजारात मोक्याची जागा हवी असेल तर उजाडण्यापूर्वी पाल ठोकलेले असावे लागते. अर्धा तास उशीर झाला की रस्त्याकडची जागा दुसऱ्याची होते आणि दिवसाची विक्री निम्म्यावर येते. जुनी डिझेलची पिकअप हा त्या व्यवसायाचा पाय होता. सोळा वर्षे तिने कधी वेळ चुकवली नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्यात दोघा भावांची वाटणी झाली. आई होती तोवर सारे एकत्र होते. ती गेल्यावर वर्षभराने दोघे समोरासमोर बसले. पेठेतले दुकान आणि त्याच्या मागची शेड धाकट्याकडे गेली; गाडी, आठवडे बाजाराचा धंदा आणि उताराच्या गल्लीतले जुने घर भाऊंकडे आले. कुणाचा आवाज चढला नाही, कोर्टकचेरी झाली नाही. नातेवाइकांनी तर दोघांचे कौतुकच केले. तरी त्या दिवसानंतर एक बारीकसा फरक पडला. पूर्वी धाकट्याचा मुलगा संध्याकाळी सहज येऊन ‘मोठी काकी, काय केलंय?’ म्हणत स्वयंपाकघरात शिरायचा. आता तो निरोप असेल तरच येऊ लागला, आणि तोही दारातूनच परत फिरू लागला.

गाडी बिघडली ती अशा दिवसांत.

लक्षण अगदी ठरावीक होते. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहाटे सुरू होत नसे. सात-आठ वेळा सेल मारावा, तेव्हा कुठे ती खोकत, थरथरत जागी होई. एकदा चालू झाली की मग दिवसभर काही तक्रार नाही. बाजारात दुपारी तास-दोन तास बंद ठेवली तरी पहिल्याच सेलला सुरू. ‘थंडीनं होतंय,’ असे पहिल्याच दिवशी ठरून गेले आणि त्यानंतर पुढचे सारे उपाय थंडीवरचे झाले.

त्या निदानात तथ्य नव्हते असे नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने जे इंजिन उभे केले, त्याचे मर्मच हे की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल आणि आत फवारलेले इंधन आपोआप पेट घेईल. अशा जुन्या गाड्यांत हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या भागापर्यंत दाबली जाते आणि तिचे तापमान कित्येकशे अंशांवर जाते. पण इंजिनाचे लोखंड थंडगार असेल तर ते ही उष्णता पिऊन टाकते. म्हणून प्रत्येक सिलिंडरमागे एक हीटर प्लग बसवलेला असतो. चावी अर्धी फिरवली की डॅशबोर्डावर कॉइलचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल मारायचा. थंडीत बॅटरीची ताकदही घटते, तेल घट्ट होते, इंजिन जड फिरते. तेव्हा थंडीला दोष देणे सोपे होते आणि काही अंशी खरेही होते.

पहिली पाळी बॅटरीची आली. दुकानदाराने मीटर लावून दाखवले. पूर्ण भरलेल्या बॅटरीने स्वस्थ असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवायला हवे. ही बाराच्या आसपास रेंगाळत होती, आणि सेल मारताच नऊच्याही खाली जात होती. नवी बॅटरी आली. इंजिन आता झपाट्याने फिरू लागले, पण सुरू होईना. आठ सेलांचे सहा झाले, एवढाच लाभ.

मग हीटर प्लग. चारांपैकी एक मेलेला निघाला. चारही नवे बसवले. दोन पहाटा गाडी त्यातल्या त्यात लवकर सुरू झाली. भाऊंनी समाधानाने खर्च वहीत मांडला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाने सांगितले, चिंधीचा पलिता करून इंजिनाखाली धरा. काकींनी ते ऐकताच सांगितले, ‘घरासमोर असला जाळ मी करू देणार नाही.’ दुसऱ्याने हवेच्या नळीत फवारायच्या डब्याचे नाव सुचवले; तापलेल्या हीटर प्लगवर असला ज्वालाग्राही फवारा गेला तर इंजिनातच स्फोट होऊ शकतो, हे त्याला ठाऊक नव्हते. तिसऱ्याने मान हलवत निकाल दिला, ‘कॉम्प्रेशन गेलं. इंजिन खोला, नाहीतर भंगारात द्या.’

भंगार हा शब्द भाऊंना लागला. ही गाडी दोघा भावांनी मिळून घेतली होती. तिला पहिला हार आईने घातला होता.

माणूस त्रासला की कारण शोधण्याऐवजी दोषी शोधू लागतो. भाऊ तसे संशयी स्वभावाचे नव्हते. पण एके दिवशी बाजारातून परतताना त्यांनी डिझेलचा काटा पाहिला. तो अर्ध्यावर होता. दुसऱ्या पहाटे चावी फिरवली, तेव्हा तो अर्ध्याच्या बराच खाली. त्यांना वाटले, पाहण्यात चूक झाली असेल. त्यांनी काचेवर पेन्सिलीने बारीक खूण केली. संध्याकाळी पेठेतल्या गोदामासमोर काटा खुणेवर, पहाटे घरासमोर खुणेच्या खाली. सलग चार दिवस तसेच. आता संशयाला आकार आला. रात्री कुणीतरी टाकीतून डिझेल काढते आहे. काढताना नळीत कचरा, हवा काहीतरी जाते आहे. म्हणूनच गाडी सुरू होत नाही. सगळे जुळत होते. आणि गाडी जिथे उभी असे, तिथून धाकट्याच्या घराचे मागचे दार वीस पावलांवर होते. पुतण्याने नुकतीच जुनी डिझेल गाडी घेतली होती.

भाऊ कुणालाही काही बोलले नाहीत. ते फक्त तालुक्याच्या गावी गेले आणि टाकीसाठी कुलुपाचे झाकण घेऊन आले.

काकींनी ते पाहिले. ‘अहो, हे कशाला?’

‘असू द्या. दिवस बरे नाहीत.’

कुलूप लहानसे होते, पण पितळी होते, आणि गल्लीतून येता-जाता कुणालाही दिसेल अशा बाजूला होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतण्या काही कामाने त्या बाजूने आला, गाडीपाशी क्षणभर थांबला, आणि घरात न येता परत गेला. काकींनी खिडकीतून पाहिले. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही.

कुलुपानंतरही काटा पहाटे खालीच होता आणि गाडी पहाटे सुरू होत नव्हतीच. भाऊंना वाटू लागले की आता धाकट्याशी एकदा स्पष्ट बोलून टाकावे. रविवारी बोलायचे, असे त्यांनी मनाशी ठरवलेही. त्याआधी शुक्रवारी, शेवटचा प्रयत्न म्हणून, ते हमरस्त्यावरच्या एका जुन्या उस्तादाकडे गेले. उस्तादांनी आता काम मुलांवर सोपवले होते. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून ते उन्हात बसत. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितले नाही. चहा मागवला आणि विचारपूस सुरू केली.

‘शेठ, सेल मारताना धूर कसला येतो?’

भाऊंना उत्तर देता येईना. ते तर आत, चावीपाशी बसलेले असत. त्यांनी घरी फोन लावला. अंगण झाडायला काकी त्याच वेळी बाहेर असतात. त्यांनी लगेच सांगितले, ‘आधी तीन-चार वेळा काहीच धूर येत नाही. मग थोडा पांढरा येतो, वास मारतो, आणि मग गाडी चालू होते.’

उस्तादांनी मान डोलावली. पहिल्या सेलपासून पांढरा धूर आला असता तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, असा अर्थ झाला असता; मग हीटर, कॉम्प्रेशन, नोझल यांच्याकडे पाहायचे. मुळात धूरच नाही, म्हणजे आधी डिझेलच पोचत नाही. इतके दिवस सारे आग का लागत नाही हे शोधत होते आणि चुलीत सरपणच नव्हते.

‘त्रास केव्हापासून?’

‘थंडी पडल्यापासून.’

‘त्याच्या आधी पहिल्या सेलला चालू व्हायची? पावसाळ्यात?’

भाऊ थबकले. आठवू लागले तसे लक्षात आले, श्रावणानंतर सकाळी दोन-तीन सेल लागत होते. कामाच्या घाईत तिकडे कुणी पाहिले नव्हते. म्हणजे दुखणे थंडीच्या आधीचे होते, थंडीने ते फक्त उघडे पाडले.

‘आता एक सांगा,’ उस्ताद म्हणाले, ‘गाडी रात्री कुठं उभी असते?’

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आधी गाडी शेडमध्ये असायची. पाणी बाहेर निघावे म्हणून तिथल्या फरशीला दाराकडे उतार होता आणि गाडी मागे घेऊन लावायची रीत होती. त्यामुळे तिचे तोंड उताराकडे, खाली असे. वाटणीनंतर ती घरासमोरच्या गल्लीत उभी राहू लागली. तिथे चांगला चढ आहे, आणि खालून येऊन थांबायचे म्हणून तोंड वर.

उस्तादांनी कागदावर रेघ मारून दाखवले. टाकी मागे आणि खाली, इंजिन पुढे. पंप डिझेल ओढून आणतो. गाडी बंद केली तरी नळीत डिझेल भरलेले राहायला हवे. पण वाटेत कुठे बारीकशी फट असेल तर तिच्यातून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू मागे टाकीत ओघळून जाते. ‘एअर घेतली’ असे गॅरेजात म्हणतात, ते हेच. तोंड खाली असेल तर डिझेल इंजिनाकडेच राहते आणि फट असूनही कळत नाही. तोंड वर असेल तर रात्रभरात नळी रिकामी. दुपारी तास-दोन तासांत ती रिकामी होत नाही, म्हणून बाजारात गाडी शहाण्यासारखी वागते. पहाटे सहा-सात सेल जातात ते नळी पुन्हा भरण्यातच. तोवर बॅटरी दमते, हीटरची ऊब ओसरते, आणि मग थंडी आपला वाटा घेते.

‘पण उस्ताद, खाली कधी डिझेलचा थेंब सांडलेला दिसला नाही.’

‘दिसणार नाही, शेठ. पंप ओढतो तेव्हा हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. बाहेरून सगळं कोरडं.’

तरीही उस्तादांनी हत्यार उचलले नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, हा त्यांचा नेम. शुक्रवारी रात्री गाडी त्याच गल्लीत, त्याच थंडीत, पण तोंड खाली करून उभी केली. शनिवारी पहाटे ती दुसऱ्या सेलला सुरू झाली. शनिवारी रात्री पुन्हा तोंड वर केले. रविवारी पहाटे सेल मारण्याआधी, सांगितल्याप्रमाणे, भाऊंनी फिल्टरवरचा हातपंप दाबायला सुरुवात केली. आधी तो पोकळ लागला. तीस-चाळीस वेळा दाबल्यावर हाताला कठीण लागू लागला. कॉइलचा दिवा विझू दिला, चावी फिरवली, आणि गाडी पहिल्याच झटक्यात जागी झाली. अंगणात झाडू घेऊन उभ्या असलेल्या काकी नकळत हसल्या.

रविवारी भाऊ धाकट्याकडे गेले नाहीत. ते गाडी घेऊन गॅरेजात गेले. उस्तादांच्या मुलाने फिल्टरकडे जाणाऱ्या वाटेत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, इंजिन चालू केले, आणि त्यातून बारीक बुडबुडे धावताना साऱ्यांना दिसले. फट सापडली ती रबरी नळीच्या टोकाला, पट्टीच्या आड. वयाने रबर कडक होऊन तडकले होते, आणि पट्टी काढल्याशिवाय ते दिसण्यासारखे नव्हते. जवळच्या बोल्टखालचा तांब्याचा वॉशरही एकदा वापरून पुन्हा बसवलेला निघाला. वीतभर नळी, दोन पट्ट्या, दोन वॉशर. सामान आणि मजुरी मिळून पाचशे रुपयांच्या आत काम झाले.

निघताना भाऊंनी काट्याची गोष्ट काढली, जराशी चाचरतच. उस्तादांनी गाडी गॅरेजपुढच्या चढावर घ्यायला लावली. काटा खाली आला. सपाटीवर आणली. काटा सावकाश वर चढून पेन्सिलीच्या खुणेवर स्थिरावला. टाकीत एक तरंगता असतो, चढावर डिझेल एका बाजूला गोळा झाले की तो खाली बसतो आणि काटा कमी दाखवतो. संध्याकाळची नोंद पेठेतल्या सपाटीवरची होती, पहाटेची चढावरची. टाकीतून एक थेंबही गेला नव्हता.

भाऊ बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहिले. ज्या चढाने गाडी अडवली होती, त्याच चढाने त्यांच्या मनात चोर उभा केला होता.

संध्याकाळी त्यांनी गाडी गल्लीत मुद्दाम तोंड वर करूनच लावली. मग टाकीचे कुलूप काढले, जुने झाकण बसवले आणि वीस पावले चालून धाकट्याच्या मागच्या दाराशी गेले. पुतण्या पोती मोजत होता. भाऊंना काय बोलावे सुचेना. त्यांनी कुलुपाचे झाकण किल्लीसकट त्याच्यापुढे धरले.

‘हे तुझ्या गाडीला होत असेल तर बघ. मला नको आता.’

मुलाने ते हातात घेतले. थोड्या वेळाने, खाली पाहतच तो म्हणाला, ‘मोठे काका, शेडमध्ये होती तेव्हा ती कधीच अडत नव्हती. मागे एका लग्नाला घाटाखाली चढावर लावली होती, तेव्हा सकाळी असंच झालं होतं. मला आठवलं होतं. सांगायलाच आलो होतो त्या दिवशी. मग टाकीला कुलूप दिसलं...’

वाक्य त्याने पुरे केले नाही. ते पुरे करण्याची गरजही नव्हती. नवी बॅटरी, नवे प्लग, महिनाभराचे हुकलेले बाजार, या साऱ्यांवरचे उत्तर एका संध्याकाळी आपल्या पायांनी चालत दाराशी आले होते आणि पितळेचे एक झाकण पाहून माघारी गेले होते.

भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘चूक माझी झाली,’ ते म्हणाले. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून असे शब्द क्वचितच निघतात. त्यामुळे मुलगाच अधिक अवघडला. आतून धाकट्याचा आवाज आला, ‘दादा आलेत का? आत या म्हणावं. दारात काय उभे?’

दुसऱ्या पहाटे थंडी कालच्याहून अधिक होती. कॉइलचा दिवा लागला, विझला. भाऊंनी चावी फिरवली. एकच घर्रर्र झाले आणि इंजिनाने सूर धरला. गल्लीत कुणाची झोप मोडली नाही. काकींनी झाडू भिंतीला टेकवला आणि पाहिले, धाकट्याच्या मागच्या दारात दिवा लागला होता. पुतण्या शाल लपेटून बाहेर येत होता, पोती चढवायला.